ऊनकुंडीची वाकळ

हे मी रचून सांगत नाही. रचायचंच असतं, तर यातल्या बाईला मी जरा चांगली केली असती. ती माझ्या आजोबांची सख्खी थोरली बहीण. घरच्या माणसाची अब्रू कुणी उगीच चारचौघांत काढत नाही.

साल १९३१. महिना वैशाख. गाव ऊनकुंडी, अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं माणूस मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरतो ते त्यालाही कळत नाही.

आणि वेळ रात्रीची नाही, हे आधीच सांगतो. जे घडलं ते लख्ख उजेडात घडलं.

तिचं नाव प्रेमला. सोलापुरात शाळामास्तराची बायको. मास्तर वारले तेव्हा तिनं तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. पदरात एकच लेक, मालती, आठ वर्षांची. पोरीला पाचव्या वर्षी ताप आला, तीन दिवसांत उतरला, आणि उतरताना दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहायचं. दीर म्हणाले, पोरीचं नशीब.

प्रेमलाला मात्र एकच ध्यास. मालती चालली पाहिजे. बाकी जग गेलं खड्ड्यात.

ऊनकुंडीला गरम पाण्याचं कुंड होतं. वर गोमुखातून उकळतं पाणी पडायचं. फडक्यात तांदूळ बांधून सोडले तर भात शिजायचा. खालच्या हौदात तेच पाणी अंगाला सोसवेल इतपत निवायचं. एके काळी तिथं रोग्यांची रीघ असे. शरणप्पा म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या वडिलांनी रोग्यांना उतरायला तिथं आरोग्यभुवन बांधलं. बारा खोल्या, लांबलचक ओसरी, पुढं दगडी अंगण. मग गावोगाव दवाखाने झाले, सुया टोचणारे डॉक्टर आले, आणि ऊनकुंडीला कुणी विचारेना. आरोग्यभुवनाला कुलूप लागलं ते नऊ वर्षं.

शरणप्पांची आणि मास्तरांची जुनी ओळख. ते प्रेमलाला म्हणाले, "चालवून बघा की वहिनी. स्वयंपाक तुमच्या हातचा, पाणी देवाचं. पोरीलाही रोज कुंडात घालता येईल."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि प्रेमला उठलीच. विधवा बाईनं परगावी जाऊन उतारूंची उठबस करायची? दिरांनी थयथयाट केला. तिनं मालतीला कडेवर घेतलं आणि गाडीत जाऊन बसली.

कुंडाची राखण शिवबाई करायची. साठीची, काटक बाई. पहिल्याच दिवशी तिनं तिथली रीत सांगितली.

"हितं पैलं पाणी अंगावर घेतलं की अंगावरचं कापड हितंच टाकायचं, अक्का. वळून बगायचं न्हाई. दुखणं कापडात उतरतंय. अमुशेला मी समदं जाळते. जळलं की सुटलं."

प्रेमलाचा विश्वास नव्हता. पण लेकीच्या पायांसाठी तिनं मालतीचा एक परकर टाकला. चैत्राच्या अमावस्येला तो जळला.

मालतीचं बोटसुद्धा हललं नाही.

"समद्यास्नी एका अमुशेत गुण येत न्हाई की," शिवबाई म्हणाली. "दुसरं कापड टाका. थांबा जरा."

प्रेमलानं दुसरा परकर टाकला, हिरवा. पण थांबणं हे तिच्या स्वभावातच नव्हतं.

इकडं आरोग्यभुवन उघडायचं होतं. झाडलोट झाली, चुना झाला, खाटा निघाल्या. अंथरायला काही नव्हतं. म्हणून तिनं मागची खोली उघडली.

आत लुगड्यांचा ढीग. पार छतापर्यंत. इरकली, चंद्रकळा, साधी, काही तर दोनदाही न नेसलेली.

नऊ वर्षं बंद असलेली खोली. छप्पर शाबूत. आणि ढिगातलं सगळ्यात वरचं लुगडं हाताला लागलं ते...

ओलं.

शिवबाई दारातूनच ओरडली, "बेडा अक्का, बेडा! नको! हात लावू नका!"

तिनं सांगितलं ते असं. आरोग्यभुवन भरभराटीत असताना रोग्यांनी टाकलेली कापडं इतकी साचायची की दिवाणजी ती या खोलीत कोंबायचा. एकदमच जाळू म्हणायचा. मग कुलूपच लागलं. जाळायचं राहून गेलं. "नऊ वर्सं अंधारात हायती ती. उपाशी हायती."

"आजार जंतूंनी होतो, शिवबाई," प्रेमला म्हणाली. "लुगड्यानं नाही. उकळून काढलं की झालं."

आता तुम्ही म्हणाल, बाईला अक्कल नव्हती का? होती. फार होती, तिथंच तर घोळ झाला. अडाणी बाई असती तर घाबरून मागं सरली असती. ही मास्तरांची बायको. तिनं लुगडी गोमुखाखाली उकळली, तीन-तीन दिवस उन्हात वाळवली, फाडली, पट्ट्यांना पट्ट्या जोडल्या आणि पंधरा-वीस दिवसांत सहा जाडजूड वाकळा शिवल्या. टाके असे बारीक की बघत राहावं.

सहा खोल्यांत सहा वाकळा अंथरल्या.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या चिमण्या दिसेनाशा झाल्या.

दुपारी बारा-साडेबाराला सगळं गाव घरात शिरायचं. ऊन मी म्हणायचं. ओसरीवर मालती पडलेली, प्रेमला चुलीपाशी. आणि मग रिकाम्या खोल्यांतून...

आधी खोकला. दोन नंबरमधून.

मग करकर खाजवल्याचा आवाज.

मग चार नंबरमधून काठी. टक... टक... टक...

प्रेमलानं उठून एकेक दार उघडलं. कुणी नाही. वाकळा जशा अंथरल्या तशा.

"आई," मालती ओसरीवरून म्हणाली, "चार नंबरात एक बाई आहे. तिला दिसत नाही गं. भिंत चाचपत फिरते."

"उगीच काहीतरी बोलू नकोस."

पण बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. नव्या चुन्यावर ओल्या हातांचे ठसे होते... एकापुढं एक, थेट दारापर्यंत.

प्रेमलानं पदरानं भिंत पुसून घेतली. पहिला पाहुणा त्याच दिवशी यायचा होता ना!

पाहुणा होता केम गावचा रावजी. धट्टाकट्टा शेतकरी, फक्त गुडघे धरलेले. आला, पोटभर जेवला, जेवणाला नावाजलं, चार नंबरमध्ये झोपला.

सकाळी उन्हं ओसरीवर आली तरी तो बाहेर येईना. प्रेमला दाराशी गेली. रावजी खाटेवर बसला होता. डोळे टक्क उघडे, थेट उन्हाकडं.

"बाई," तो म्हणाला, "अजून उजाडलं न्हाय व्हय?"

प्रेमलानं त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला, तर पापणीसुद्धा लवली नाही.

रावजीला दोघांनी धरून नेला. ढसाढसा रडत होता बिचारा. तो गेल्यावर शिवबाईनं चार नंबरमधली वाकळ उन्हात धरली आणि मधल्या निळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे लुगडं बजाबाईचं. तेरा वर्सं झाली. आंदळी आली हुती, डोळं घिऊन गेली. तिचं आंदळंपण यात ऱ्हायलं हुतं. आता त्येला माणूस गावला." मग तिनं हात जोडले. "आज जाळा समद्या. तुमच्या पाया पडते."

प्रेमलानं निळ्या पट्टीचे टाके बोटानं चाचपून पाहिले. 

इथून पुढचं सांगताना माझे आजोबा खाली मान घालायचे.

दुसऱ्या कुणी बाईनं त्या सगळ्या वाकळा तिथल्या तिथं पेटवल्या असत्या. प्रेमलाच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. म्हणजे दुखणं खरंच कापडात उतरतं. आणि कापडातून दुसऱ्यात जातं. मालतीचा हिरवा परकर तर अजून शिवबाईच्या जाळायच्या कापडांच्या टोपलीत आहे. अमावस्येला अजून चार दिवस आहेत. आणि मागच्या अमावस्येनं काय दिवे लावले?

शिवबाई कुंड झाडायला गेली, तेव्हा प्रेमलानं टोपलीतून परकर काढला. पाच वाकळा तिनं शिवबाईच्या हवाली केल्या, जाळ म्हणाली. सहावी ठेवली. तिच्यातल्या सगळ्या पट्ट्या उसवून काढल्या आणि नवऱ्याची जुनी धोतरं लावली. मधोमध परकर.

त्याच संध्याकाळी मैंदर्गीहून गुरप्पा आला, बरोबर बायको जगदेवी. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. पोरीच्या हातांना बारीक पुरळ उठलं होतं, एवढंच. बाकी नुसती वारा प्यायलेली. कुंडाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढत होती. गुरप्पा खालून ओरडत होता, "अगं पडशील की!" आणि ती वरून हसत होती.

मालतीला बघितल्याबरोबर तिनं तिला पाठुंगळी घेतलं. अंगणाला तीन चकरा मारल्या.

"पुढच्या बारीला आपण दोगी मिळून पळायचं, काय?" जगदेवी म्हणाली.

मालती कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली.

प्रेमला ओसरीवर उभी राहून जगदेवीचे पाय बघत होती. फक्त पाय.

तिनं स्वतःच्या हातानं दोन नंबरच्या खोलीत वाकळ अंथरली. "नवी आहे गं," म्हणाली. "तुझ्यासाठीच काढलीय." जगदेवीनं वाकून तिला नमस्कार केला.

दारातून मालतीनं पाहिलं. "आई, माझा परकर त्या ताईच्या अंथरुणात का?"

फाडकन् थोबाडीत बसली. प्रेमलानं लेकीवर आजवर कधी हात उगारला नव्हता.

सकाळ झाली. प्रेमला चूल पेटवत होती. मागून आवाज आला...

"आई."

मालती दारात होती. उभी.

चौकटीला धरलेलंही नव्हतं. दोन्ही पायांवर, सरळ, उभी.

 तिनं धावत जाऊन लेकीचे पाय पोटाशी धरले. आणि तेवढ्यात दोन नंबरमधून किंकाळी आली.

"माझं पाय कुटं गेलं? अहो, माझं पाय!"

पाय जागेवरच होते. पण गुरप्पानं उचलले तर सुटून खाली पडायचे. जगदेवी स्वतःच्या मांड्यांवर बुक्क्या मारत होती. शिवबाई धावत आली, अंथरुणाकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या मालतीकडं बघितलं. तिला सगळं कळलं.

गुरप्पा रडत प्रेमलाकडं आला. "अक्का, हे काय हो झालं?"

आणि बाई काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "इथलं पाणी सगळ्यांनाच मानवतं असं नाही."

जगदेवीला त्याच वाकळेची झोळी करून गाडीत घातलं. बैल निघाले. ती गाडीतून मालतीकडंच बघत होती.

गाडी वेशीबाहेर पडली. मालतीनं पाऊल उचललं. मग दुसरं. प्रेमलाच्या डोळ्यांना धारा लागल्या. लेक चालत होती हो! तीन वर्षांनी!

मालती अंगण ओलांडून गेली. फाटकाबाहेर गेली. रस्त्याला लागली.

"बस बाळ, दमशील. ये आता."

मालती थांबली नाही.

"मालती!"

पोरीनं चालता चालता मान वळवली. तोंड पांढरंफटक.

"आई, मी चालत नाहीये. पाय चालतायत."

प्रेमला धावली. तिनं तिला दोन्ही हातांनी उचललं, तरी पाय हवेत चालतच होते. एक... दोन... एक... दोन... मैंदर्गीच्या रस्त्याकडं.

गाडी नजरेआड झाली तेव्हा कुठं ते थांबले.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तापलेल्या फुफाट्यात पोर अनवाणी अर्धा कोस गेली. कुणा गुराख्यानं आणून सोडली तेव्हा तळव्यांची सालटी निघालेली. रडून रडून आवाज बसलेला.

त्या दुपारी प्रेमलानं दोरखंड आणला. ज्या पायांसाठी तिनं जीवाचं रान केलं, तेच पाय तिनं खाटेला बांधले. गाठ मारून झाल्यावर ती खाली बसली आणि कपाळ बडवून घेतलं.

शिवबाईनं तेव्हासुद्धा वाट दाखवली, हे सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, "मैंदर्गीला जावा. पाया पडून वाकळ मागून आणा. पोरीला तिच्यावर निजवा आन् सकाळी जाळा. जिचं तिला मिळंल."

"आणि मालती?"

"पैल्यासारकी व्हईल. खाली बसून ऱ्हाईल. पण तुमची ऱ्हाईल, अक्का."

प्रेमला गेली नाही. चालणारे पाय बांधून ठेवावे लागले तरी तिला चालणारेच हवे होते. उद्या थांबतील, परवा थांबतील, असं म्हणत राहिली.

आरोग्यभुवनाला पुन्हा कुलूप लागलं. प्रेमला मालतीला घेऊन सोलापूरला माझ्या आजोबांकडं, म्हणजे धाकट्या भावाकडं आली. सात महिने आमच्या घरात रोज दुपारी बाराला खाट हलायची. खाटेचे पाय फरशीवर घासायचे. करर... करर... आजोबा त्या वेळेला बाहेर निघून जायचे. शेजारी विचारत, तुमच्यात दुपारी दळण असतं का?

मार्गशीर्षात एके दिवशी बारा वाजले.

खाट हलली नाही.

प्रेमला हातातलं टाकून धावली. मालतीचे पाय शांत पडले होते. प्रेमलानं देवाला हात जोडले. गाठी सोडल्या. "संपलं गं बाई," म्हणाली. "आता चाल बाळ. आता तू चाल."

पाय हलले. पण सावकाश...

उजवा गुडघा वाकला. मग डावा. एक पाऊल दुसऱ्या मांडीवर चढलं. मग दुसरं पहिलीवर. मालतीची पाठ आपोआप ताठ झाली.

"आई, कुणीतरी माझी मांडी घालतंय."

प्रेमलानं पाय ओढून सरळ करायला घेतले. हलेनात. आजोबा आले, त्यांनी जोर लावला. हाड मोडेल, पण मांडी सुटेना.

"आई... अंधार होतोय गं. आई, अंगावर काहीतरी पडतंय."

बाहेर लख्ख ऊन होतं.

तिसऱ्या दिवशी मैंदर्गीकडचा एक माणूस शरणप्पांचा निरोप घेऊन आला. जगदेवी गेली. सात महिने अंथरुणाला खिळून होती, शेवटी अन्न तुटलं. परवा बारा वाजता तिची माती झाली. लिंगायत मंडळी. त्यांच्यात दहन करत नाहीत, मांडी घालून, बसवून पुरतात. आणि गुरप्पानं तिच्याबरोबर ती वाकळही खड्ड्यात ठेवली, म्हणाला, तिला मऊ लागेल.

निरोप ऐकला आणि प्रेमला हसायला लागली. आजोबा सांगायचे, ते हसणं पुढं दोन दिवस थांबलं नाही.

मालती आत्याला मी पाहिलीय. माझ्या लहानपणी ती चाळिशीची असेल. माजघरात भिंतीला टेकून बसलेली असायची. झोपायचीसुद्धा बसूनच. मांडी अखेरपर्यंत सुटली नाही. स्वभावानं गरीब होती, मला गोष्टी सांगायची, पत्ते खेळायची.

मात्र दुपारी बारा वाजले की बोलता बोलता थांबायची. मला जवळ बोलवायची.

"मांडीत माती पडलीय रे. झटक जरा."

आई मला म्हणायची, झटकल्यासारखं कर, तेवढंच तिला बरं वाटतं. मी झटकायचो.

हाताला माती लागायची. काळी, ओलसर. मी मोरीवर जाऊन हात धुवायचो आणि कुणाला सांगायचो नाही. आज माझी सत्तरी उलटली. ती माती यायची कुठून, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. आमच्या घरात सगळीकडं शहाबादी फरशी होती.